पूरग्रस्त कुटुंबं शाळेतून हलवायचीत: कंटेनर घ्यावेत की पत्र्याचे शेड? अनुभव असणाऱ्यांनी सांगा

सीनाकाठचा:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागंल पण वाचा. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात परंडा तालुक्यात, सीना नदीच्या काठाला. यंदा, २०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटाला पुरानं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच, बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं, छतावर बसलेली माणसं उचलली. आता कॅमेरे गेले, पाणी पण ओसरलं, आणि मागं राहिली आमच्या खालच्या वस्तीतली तीसेक कुटुंबं. दहा-बारा घरं तर पायासकट गेलीत, बाकीच्यांच्या भिंती उभ्या दिसतात पण हात लावला की माती गळते, आत झोपायची कुणाची छाती होत नाही.

सध्या सगळे जिल्हा परिषदेच्या शाळेत अन् समाजमंदिरात आहेत. एका वर्गात पाच-पाच कुटुंबं, मधी साड्या बांधून पडदे केलेत. दिवाळीची सुट्टी संपली की शाळा भरणार. हेडमास्तर बिचारे काही बोलत नाहीत पण वरच्या आळीत कुजबुज सुरू झालीय, आमच्या लेकरांनी शिकायचं कुठं म्हणून.

तर झालंय असं की पुण्याच्या एका कंपनीचे लोक येऊन गेले, सीएसआरचा, म्हणजे कंपनीनं समाजकामाला काढलेला पैसा आहे म्हणाले. ते म्हणतात कंटेनर देतो, बांधकामाच्या साइटवर असतात तसले २० बाय ८ चे तयार केबिन, ट्रकमधून येणार, क्रेननं उतरवणार, दोन दिवसात वस्ती उभी. पण तेवढ्या पैशात ते सगळ्यांना पुरत नाहीत, अठरा-वीसच बसतात. पत्र्याचे शेड केले तर सगळ्यांना होतात. पोरं म्हणायलीत कंटेनरच घ्या, पंखा लाइट सगळं फिट असतंय. म्हातारी म्हणायलीत पत्रा नको, उन्हाळ्यात भाजून निघू. काहींचं तिसरंच, काही बांधू नका, रोख द्या, आमचं आम्ही बघू.

जागेचा पण घोळ आहे. गावापासून दीडेक किलोमीटरवर माळाला गायरान आहे, नाहीतर वेशीजवळ एक जण स्वतःचं पडीक रान वापरायला देतो म्हणतोय. आणि निम्मे लोक कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जाणारे, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की निघतील, मग त्या शेडमधी राहणार कोण हा पण प्रश्न. कंपनीला आठवड्यात उत्तर पाहिजे. कुणी यातून गेलेलं असंल तर खरं काय ते सांगा, सहानुभूतीचे मेसेज नकोत, ते लई झाले.

मराठवाडी_बाणा:
७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालंय ना भाऊ, मग कंपनीपुढं हात कशाला पसरायचा? पडलेल्या घराला मैदानी भागात १ लाख २० हजार आहेत. ते येईपर्यंत दम धरा.

सीनाकाठचा:
@मराठवाडी_बाणा दम धरायचा पण कुठं बसून धरायचा तेच विचारतोय की. अन् १ लाख २० हजारात आजच्या वाळूच्या भावानं जोत्याच्या वर काम जात नाही. शिवाय पंचनाम्यात ज्याचं घर झोपडी म्हणून लागलंय त्याला ८ हजार. आमच्या वस्तीत तसली सात-आठ आहेत.

सास्तूरकर:
मी किल्लारीच्या भूकंपातून गेलेला माणूस, तेव्हा सातवीत होतो. तुमचा घोळ वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आधी मुदतीचं बोलू कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. पहिले काही दिवस तंबू आणि ताडपत्र्या, मग पत्र्याचे शेड. शेड देताना जो येईल तो सांगायचा, सहा महिने काढा. आमचं पक्कं घर हातात यायला दोन वर्षं उलटून गेली, काही गावांना त्याहून उशीर. आणि तिथं जागतिक बँकेचा पैसा होता, ५२ गावं नव्या जागेवर उठवायची योजना होती, सगळ्या देशाचं लक्ष होतं. तुमच्या तीस घरांकडं लक्ष कुणाचं राहणार? म्हणून हिशेब दोन उन्हाळे आणि दोन पावसाळ्यांचा धरा. लवकर झालं तर आनंदच आहे.

उन्हाळ्याबद्दल म्हातारी माणसं म्हणतात ते शंभर टक्के खरं. एप्रिलात बाराच्या पुढं शेडमधी थांबताच यायचं नाही, सगळी वस्ती बाभळीखाली. आमच्या आजीनं मावळतीकडच्या पत्र्याला बाहेरून तुराट्यांचा कूड उभा केला, शेणामातीनं लिंपला, पत्रा आणि कूड यात हातभर जागा ठेवली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्या एका भिंतीनं एवढा फरक पडला की शेजारच्या बाया बघायला यायच्या अन् महिन्याभरात सगळ्या रांगेला कूड लागले.

दुसरं, शेड वाटताना चिठ्ठ्या टाकू नका. आमच्याकडं आखीव रांगा होत्या, नंबर लागला तसं ज्याला त्याला दिलं, आमचं घर एका टोकाला अन् चुलत्याचं दुसऱ्या. गल्लीच मोडली. जुन्या गावात आजी दारात बसली तर चार घरची लेकरं तिच्या नजरेखाली असायची, इथं प्रत्येक बाईनं आपलं लेकरू पाठीला बांधून रानात न्यायचं. पुढं पक्की गावं झाली ती पण अशीच, कॉलनीसारखे रुंद रस्ते, रान लांब, आणि घर जमिनीच्या हिशेबानं, भूमिहीन अन् हेक्टरभरापर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, सात हेक्टरच्या वर असला तर ७५०. म्हणजे भूकंपानं सगळ्यांना एका रांगेत बसवलं होतं, योजनेनं परत उठवून ज्याच्या त्याच्या जागी बसवलं. असो, ते वेगळं रडगाणं आहे.

तिसरं फार कामाचं. पक्कं घर मिळाल्यावर पण आमच्या लोकांनी शेडचे पत्रे सोडले नाहीत. एक तर डोक्यावर स्लॅब घेऊन झोपायची भीती, म्हातारी माणसं कित्येक वर्षं पत्र्याखालीच झोपायची. आणि दुसरं म्हणजे पत्रा कामाला येतो. स्वयंपाकघराला गेला, गोठ्याला गेला, कडबा झाकायला गेला. आमच्या गोठ्यावर त्यातले काही अजून आहेत. कंटेनर उद्या कंपनी परत नेणार का तुम्हाला देणार, हे विचारलंत का? दिला तरी त्याचं करणार काय, तोडून घराला लावता येत नाही.

अजून एक, पडलेल्या घरांवर जेसीबी घालायची घाई करू नका. दारं, चौकटी, तुळया, घडीव दगड आधी ज्याचे त्याला काढून घेऊ द्या, नाव टाकून ठेवू द्या. आमच्याकडं ढिगाऱ्याबरोबर किती सागवान गेलं त्याची मोजदाद नाही.

लातूर_ते_ह्यूस्टन:
मूळचा लातूरचा, बरीच वर्षं अमेरिकेत टेक्सासमध्ये आहे. तिकडचं उदाहरण इथं कशाला असं वाटेल, पण कंटेनर म्हटल्यावर लिहिणं भाग आहे कारण हा प्रयोग त्या देशात फार मोठ्या प्रमाणावर झालाय आणि फसलाय.

इकडे हरिकेन म्हणजे आपलंच चक्रीवादळ. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे आलं तेव्हा टेक्सासच्या नेदरलँड गावात ६० इंचांवर पाऊस पडला, म्हणजे १,५०० मिलिमीटरच्या वर. आपल्या मराठवाड्यात वर्षाला सरासरी ७०० च्या आसपास पडतो, त्यावरून अंदाज करा. ह्यूस्टनच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये साधारण १०,००० लोक झोपलेले, तुमच्या शाळेसारखंच फक्त हॉल मोठा. तिथून लोकांना हॉटेलांत हलवलं, बिल सरकारी आपत्ती खातं भरायचं, त्याचं नाव फेमा.

पण खरा धडा त्याआधीचा, २९ ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळाचा. न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं आणि फेमाने लाखाच्या वर ट्रेलर आणि मोबाइल होम (कारखान्यात बनवून आणायचं तयार घर) विकत घेतली. ट्रेलर म्हणजे चाकावरचा कंटेनरच समजा, साधारण ८ बाय ३०. आत बेड, शेगडी, संडास सगळं फिट. काही महिन्यांत लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, मुलांना खोकला, नाकातून रक्त. कारण आतल्या भिंती आणि कपाटं स्वस्त प्लाय आणि पार्टिकल बोर्डची, त्याच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो, आणि गरमी वाढली की जास्त सुटतो. सरकारच्याच आरोग्य संस्थेने ५१९ ट्रेलर तपासले, २००८ मध्ये अहवाल आला, सरासरी ७७ पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत ७७ भाग निघाली, नेहमीच्या घरात असते त्याच्या कितीतरी पट. तोवर लोक दोन वर्षं त्यातच राहत होते. तुमच्या कंपनीचे कंटेनर तसेच असतील असं मी म्हणत नाही, पण आत कुठला बोर्ड लावलाय हे विचारा, आणि लेखी घ्या. आपल्याकडे मे महिन्यात बंद केबिन किती तापेल हे तुम्हाला मी सांगायला नको.

अजून एक गंमत ऐका, म्हणजे रडायची गंमत. आर्कान्सा राज्यात होप नावाचं गाव आहे, तिथल्या विमानतळावर जवळजवळ १०,००० मोबाइल होम नुसती उभी राहिली. का, तर पूरक्षेत्रात मोबाइल होम ठेवायचं नाही असा फेमाचाच नियम, आणि ज्यांना घर हवं ते सगळे पूरक्षेत्रातले. आधी खरेदी, मग जागेचा विचार. त्यामुळे जागा ठरल्याशिवाय कंपनीला होकार देऊ नका.

आणि जागेबद्दल. लुइझियाना राज्यात बॅटन रूज शहराजवळ बेकर गावाच्या बाहेर माळावर जवळजवळ ६०० ट्रेलरची वसाहत केली होती, रेनेसान्स व्हिलेज असं भारी नाव. दुकान लांब, काम लांब, शाळा लांब, गाडी नाही त्याची तर कैदच. याउलट ज्यांच्या स्वतःच्या अंगणात ट्रेलर लावला ते लोक दिवसभर आपलं घर दुरुस्त करत राहिले आणि लवकर बाहेर पडले. मुदत १८ महिन्यांची होती, न्यू ऑर्लिन्समधून शेवटचे ट्रेलर हलेपर्यंत २०१२ उजाडलं. सास्तूरकर काका म्हणतात तेच झालं, फक्त डॉलरमध्ये.

सीनाकाठचा:
@सास्तूरकर काका, @लातूर_ते_ह्यूस्टन दादा, दोघांचे आभार. बोर्डाचं विचारलं आज फोनवर, तर समोरचा म्हणाला क्वालिटीची काळजी करू नका. म्हणजे त्याला माहीत नाही. अन् कंटेनर परत न्यायचेत का विचारलं तर म्हणाला ते नंतर बघू.
बरं मग शेड करायचे तर कसे करायचे? साइज काय? कंपनीनं जे ड्रॉइंग दिलंय त्यात १० बाय १२ आहे, खिडकी नाही, चारी बाजूनं पत्रा, उंची आठ फूट.

वेल्डिंगवाला_भूम:
ते ड्रॉइंग कोंबड्यांचं आहे माणसांचं नाही. आता बघा, मी हेच काम करतो, शेड, गोठे, मंडप सगळं, म्हणून सांगतो.

साइज. आपत्तीतल्या निवाऱ्याचे जे जगभरचे निकष आहेत, स्फिअर म्हणतात, त्यात माणशी साडेतीन चौरस मीटर धरतात. १० बाय १२ मधी तीन माणसं बसली. तुमच्याकडं नवरा-बायको, दोन लेकरं, एक म्हातारी असे पाच जण सरासरी असणार, तर १२ बाय १६ पाहिजे, बरोबर हिशेबात बसतंय. त्या २० बाय ८ च्या कंटेनरमधी पण चारच बसतात बरं का. साइज वाढवून पैसे पुरत नसतील तर चारी बाजूनं पत्रा मारू नका. सांगाडा आणि छत चांगलं करा, आणि भिंतीला पत्रा फक्त पाऊस येतो त्या बाजूनं आणि खालून तीन-चार फूट. बाकी कूड, बारदान, ताट्या, ज्याला जे जमंल ते तो लावतो. छतात पैसा घाला, भिंतीत नको.

छत एका उताराचं करा, पुढं दहा फूट मागं आठ. बारा फुटी खोलीला चौदा फुटी पत्रा घ्या म्हणजे दोन्हीकडं फूटभर वळचण राहते, भिंत भिजत नाही. पत्रा ०.५० एमएमचा घ्या, ०.३५ चा स्वस्त मिळतो पण त्यावर माणूस चढला की पोचे पडतात, आणि एकदा उचकटला की दुसऱ्यांदा वापरायच्या लायकीचा राहत नाही. काका म्हणतात तसं उद्या तो पक्क्या घराला न्यायचाय. त्यासाठी अजून एक, सांगाडा वेल्डिंग करू नका. हे मी वेल्डिंगवाला असून सांगतोय, माझं नुकसान आहे. नट-बोल्टवर करा, स्क्वेअर पाइपला प्लेटा मारून आणा अन् जागेवर बोल्ट आवळा. सोडताना दोन पान्यांचं काम.

सगळ्यात मोठी भीती वळवाची. एप्रिल-मेमधी जी वावटळ येते ती पत्रे घेऊनच जाते, अन् उडालेला पत्रा कोयत्यासारखा कापतो. खांब अडीच फूट जमिनीत, खाली काँक्रीट. नालीदार पत्रा असंल तर इंग्रजी J आकाराचे हुक वरच्या उंचवट्यावर मारा, खोलगटात मारलं की पाणी गळतं. आणि वळचणीच्या रांगेला अन् कडेच्या पत्र्यांना हुक दुप्पट, वारा तिथनंच बोट घालतो. लोक मधी भरपूर मारतात अन् कडेला कंजुषी करतात.

जमीन काळी असंल तर आधीच सोडा, पहिल्या पावसात खांब हलतात. मुरमाड बघा, नाहीतर निदान दीड फूट मुरमाचा भराव टाकून धुम्मस करून घ्या. नाग-विंचू पण कमी येतात.

अन् लाइट!! हे कुणीच सांगत नाही. पत्र्याच्या घरात आकडा टाकला, वायर कुठं सोलली, अन् पत्र्याला टेकली की अख्खं घर करंट. पावसात ओल्या हातानं दार उघडायला गेलेलं लेकरू चिकटतं. प्रत्येक शेडला अर्थिंग आणि वीस-तीस घरात एक तरी चांगला ट्रिप होणारा ब्रेकर. वायर पाइपातून घ्या. कंपनीला सांगा फोटोचा बोर्ड छोटा करा अन् अर्थिंगला पैसे द्या.

अंगणवाडीवाली_ताई:
सगळे दादा लोक पत्र्याची जाडी बोलायलेत, संडास कुठाय? मी कळंब तालुक्यात आहे, आमच्याकडं पण आठवडाभर शाळेत लोक ठेवलेले. बाया रात्री जेवत नव्हत्या. का, तर रात्री बाहेर जावं लागंल म्हणून. गरोदर बाई सुद्धा. मी विचारलं म्हणून कळालं, तिथल्या पुरुषांना कुणाला माहीतच नाही.

वीस माणसांमागं एक संडास पाहिजे आणि तो पन्नास मीटरच्या आत, वेगळे बायांचे वेगळे पुरुषांचे, आणि कडी आतून लागणारी. कडी लिहून ठेवा ड्रॉइंगमधी, विसरतात. वाटंवर लाइट. न्हाणी प्रत्येक शेडला मागच्या बाजूला चार बाय चारची करा, नुसता आडोसा पण चालंल, फरशीचा तुकडा अन् पाणी जायला पाइप. पोरींना शाळेच्या नळावर कपड्यासकट अंघोळ करताना बघवत नाही.

आणि तुमची मीटिंग झाली त्यात बाया किती होत्या? पोरं म्हणायलीत, म्हातारी म्हणायलीत असं लिहिलंय, बाया काय म्हणायल्यात ते लिहिलंच नाही. किल्लारीनंतर घरदुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं गावोगावच्या बायांनाच संवाद सहायक केलं होतं, घराचं काम कसं चाललंय, सिमेंट किती आलं, कुठं अडलंय ते त्या बघायच्या. आपल्याच भागात झालेलं आहे हे. दोन बाया कमिटीत घ्या, सरपंचाच्या घरातल्या सोडून.

चूल कुठं पेटणार तेही ठरवा. सगळ्यांकडं गॅस नाही राहिला, सिलिंडर वाहून गेलेत.

कोयता_मुकादम:
मी शिरूर कासारकडचा. टोळ्या घेऊन जातो. तुम्ही विचारलं शेडमधी राहणार कोण, म्हातारी अन् शाळेतली लेकरं राहणार, दरवर्षी तेच राहतात. त्यांच्या हिशेबानं जागा बघा. माळावर दीड किलोमीटरवर म्हातारीला टाकून पोरगा पाच महिने कर्नाटकात, तिला बरं नसलं तर बघणार कोण? वेशीजवळचं रान घ्या.

आणि कोयत्याला गेला म्हणून नाव कापू नका. हे घडतंय. तपासणीला माणूस आला, कुलूप दिसलं, लिहिलं लाभार्थी राहत नाही. ग्रामसभेच्या ठरावातच टाका की हंगामी स्थलांतर केलं तरी शेड आणि यादीतलं नाव कायम. नाव बाईचं अन् नवऱ्याचं दोघांचं टाका.

बांधायचं म्हणाल तर ही माणसं दरवर्षी फडाजवळ चार तासात कोपी उभी करतात, बांबू अन् पाचट, वाऱ्या-पावसात टिकती. त्यांना ठेकेदार कशाला पाहिजे? कंपनीला सांगा साहित्य द्या अन् रोज द्या, आमचे आम्ही बांधतो. दिवाळीपतुर हातात काम नाही, उचल घ्यायची पाळी आलीय, चार दिवसाची मजुरी तरी सुटंल. फक्त पाचट छतावर टाका उन्हासाठी पण चुलीपासून लांब, अन् दोन शेडमधी निदान सात-आठ फूट अंतर. कोप्यांच्या आगी मी बघितल्यात, दहा मिनिटात रांग जाते.

माजी_तलाठी:
कागदाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. गायरानाचा विचार सध्या बाजूला ठेवा. २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर गावाच्या सामायिक जमिनीवरच्या अतिक्रमणाबाबत धोरण फार कडक झाले आहे. तात्पुरते म्हणून बसवाल, उद्या कोणी तक्रार केली की ह्याच कुटुंबांना अतिक्रमणाची नोटीस. बसायचेच असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी हातात आल्यावरच.

खासगी रान घेणार असाल तर तोंडी शब्दावर जाऊ नका, माणूस कितीही चांगला असला तरी त्याची मुले वेगळी निघू शकतात. स्टॅम्पपेपरवर करार करा, मुदत, वाढवून घ्यायची अट, आणि ही ओळ जरूर घाला: उभारलेले सर्व साहित्य त्या त्या कुटुंबाच्या मालकीचे असून मुदतीनंतर काढून नेता येईल. तसेच जमीनमालकाला सातबाऱ्याची भीती वाटू नये म्हणून कुटुंबांना जागेवर कोणताही हक्क उत्पन्न होणार नाही हेही लिहा. दोघांचीही झोप शाबूत राहते.

तिसरे, पाटबंधारे खात्याकडून पूररेषा मागवा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. ज्यांची जुनी जागा निळ्या रेषेच्या आत आहे त्यांचे शेड तिथे अजिबात नको, त्यांच्या पक्क्या घरासाठी पर्यायी जागेचा अर्ज आत्ताच तहसीलला द्या, पोच घ्या. ज्यांची जागा रेषेच्या वर आहे त्यांचे शेड मात्र त्यांच्याच अंगणात होऊ द्या, त्या अमेरिकेतल्या ट्रेलरवाल्यांसारखे.

आणि शेड उभा राहिल्यावर ग्रामसेवकाकडून नोंद करून घ्या की हा तात्पुरता निवारा आहे, घर नव्हे. नाहीतर घरकुलाच्या पाहणीत फोटो काढताना पत्र्याचे घर आहे असा शेरा पडायला वेळ लागत नाही.

मराठवाडी_बाणा:
रोख द्या म्हणणाऱ्यांचं कुणी बोललंच नाही. माझं मत रोखच. ज्याचे पाहुणे परंड्यात, बार्शीत आहेत तो खोली करून राहील, लेकरू चांगल्या शाळेत जाईल. सगळ्यांना एकाच माळावर कशाला डांबायचं?

अंगणवाडीवाली_ताई:
@मराठवाडी_बाणा ज्याचे पाहुणे आहेत तो कधीच गेला दादा. जे शाळेत उरलेत ते पाहुणे नसलेले, नाहीतर जनावरं असलेले. अन् खोली भाड्यानं मागायला गेलं की आधी आडनाव विचारतात, ते पण बघा जरा.

मराठवाडी_बाणा:
ते आडनावाचं खरंय. पण दोन-चार कुटुंबांना भाड्याचाच पर्याय पाहिजे असंल तर त्यांना शेडएवढी रक्कम द्यायला काय हरकत?

सीनाकाठचा:
काही हरकत नाही, दोन कुटुंबं तशी निघाली आहेत, त्यांना परंड्यात भाडं भरून देऊ.

काल बायांची वेगळी बैठक घेतली, ताई म्हणाल्या म्हणून. पुरुष पाच जण आलेले, त्यांना बाहेर बसवलं. पहिली मागणी कडी आणि न्हाणी. दुसरी अशी की शेडची तोंडं समोरासमोर करा, एका रांगेत नको, मधी अंगण राहिलं की लेकरं नजरेत राहतात. हे आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. जागा वेशीजवळचीच ठरतेय, मालक स्टॅम्पला तयार आहे. आठ कुटुंबांची स्वतःची जागा उंचावर आहे असं आमच्या गावच्या तलाठी भाऊसाहेबांनी प्राथमिक सांगितलं, त्यांचे शेड तिथंच. कंपनीला १२ बाय १६ अन् बोल्टवालं ड्रॉइंग पाठवलंय, नटबोल्टनं खर्च वाढतो म्हणून ते कुरकुरलेत, बघू. दोन कंटेनर मात्र घेतोय, राहायला नाही, एक अंगणवाडीच्या सामानाला अन् एक लेकरांच्या अभ्यासाला, दारं-खिडक्या उघड्या ठेवून.

एक अडलंय. चार-पाच घरी शेरडं आहेत, एका आजीचं तर म्हणणं शेरडं जिथं तिथं मी, त्यांना शेडच्या आत घेऊन झोपणार. त्याचं काय करावं? वेगळा गोठा करायला पैसे नाहीत.

वेल्डिंगवाला_भूम:
वेगळा गोठा कशाला. ज्यांची शेरडं आहेत त्यांना चौदाऐवजी सोळा फुटी पत्रा टाका, मागच्या बाजूला तीन फुटाची पडवी निघते, खाली दोन टेकू अन् बाहेरून जाळी. शेरडं आजीच्या डोक्यापाशी पण भिंतीच्या पलीकडं. मात्र ऑर्डर द्यायच्या आधी किती घरी आहेत ते नक्की मोजा, सोळा फुटी मागवून कापून चौदा करत बसू नका, कापलेल्या कडेला गंज आधी धरतो.